गाडीत राहून आठ महिने: लांबी मोजली, उंची मोजायची राहिली

व्हॅन बघायला जाताना आम्ही टेप घेऊन गेलो होतो. आत १९० सेंटिमीटर सपाट जागा, नवरा १७८चा. पाय पुरतात ना? मग झालं! आठ महिने आत काढल्यावर आता कळतंय की गादीपासून छतापर्यंतचं अंतर आधी मोजायला हवं होतं.

आमची गाडी बुटक्या छताची. फरशी आणि छताला इन्सुलेशन (थंडी-ऊन अडवणारा थर) लावल्यावर आत १५८ सेंटिमीटर उरले. खाली भरपूर सामान मावावं म्हणून पलंगाची फळी ६८वर बसवली, त्यावर १० सेंटिमीटरची गादी. म्हणजे वर उरले ८०. झोपायला काहीच अडचण नाही. पण पावसाने दोन दिवस आत कोंडलं आणि आमचे डोळे उघडले. पुस्तक वाचायचं तर मान वाकडी, पँट चढवायची तर आडवं पडून. दुसऱ्या संध्याकाळी आमचं भांडण झालं, तेही चमच्यावरून. शेवटी फळी २० सेंटिमीटर खाली आणली आणि अर्धं सामान घरी पाठवलं. (त्यातलं काय काय होतं, तेही आता आठवत नाही.) नवऱ्याला ताठ बसता यायला लागलं आणि गाडीच बदलल्यासारखं वाटलं.

उभं राहायचं असेल तर मात्र निदान मध्यम उंचीच्या छताची गाडी लागते. फियाट ड्युकाटो या व्हॅनचं मध्यम उंचीचं छत आतून साधारण १९३ सेंटिमीटर आहे, इन्सुलेशननंतरही त्यात नवरा उभा राहील. तिची आतली रुंदी १८७ असल्यामुळे बेताच्या उंचीच्या माणसाला आडवं झोपता येतं आणि चालायला जागा सुटते. पण उंच गाडी वाऱ्यात हलते, आणि कमी उंचीच्या पार्किंगमध्ये शिरत नाही. आमची कुठेही शिरते, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं.

दुसरा धडा ओलाव्याचा. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात सहज अर्धा लिटर पाणी हवेत जातं आणि थंड पत्र्यावर, काचेवर जमतं. त्यात गॅस १ किलो जळला की दीड किलोहून जास्त वाफ होते. थंडीत आम्ही सगळं घट्ट बंद करून झोपायचो. महिन्याभरात गादी खालून काळी पडली. आता गादीखाली पट्ट्यांची जाळी आहे, छताचा पंखा हळू चालू असतो आणि समोरची खिडकी बोटभर उघडी. थोडं गार लागतं, लागू दे. आत शेगडीवर ऊब घेत मात्र कधीही झोपू नका. बंद जागेत ती जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचू शकतो, आणि त्याला वास नसतो. त्याचा अलार्म आम्ही पलंगाजवळ लावलाय.

विजेबद्दल तक्रार नाही. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी फ्रिज, दिवे आणि फोन दीड-दोन दिवस ओढते.

एक कुरबुर अजून तशीच आहे. रात्री बाहेर जायचं तर सरकतं दार उघडावं लागतं, आणि ते असं गडगडतं की शेजारच्या गाडीतले दिवे लागतात. पुढच्या सीटवरून बाहेर पडता येईल अशी वाट ठेवायला हवी होती. आम्ही तिथे कपाट ठोकलंय.