उलटे घर की उलटे जग? भूमिकांची अदलाबदल असलेली प्रेमकादंबरी निवडताना

ती कमावते, पुढाकार घेते, मागणी घालते; तो लाजतो, घर सांभाळतो, तिची वाट पाहतो. अशा अदलाबदलीवर उभ्या असलेल्या हलक्याफुलक्या प्रेमकादंबऱ्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात ही अदलाबदल एका जोडप्यापुरतीच असते. बाणेरच्या एखाद्या सदनिकेत ती कंपनीची सर्वेसर्वा असते आणि तो पोळ्या लाटतो, पण दाराबाहेरचे जग आपले नेहमीचेच राहते. दुसऱ्या प्रकारात सगळे जगच उलटे असते. तिथे गादी, तलवार आणि वारसा बायकांकडे असतात आणि मुलगा उपवर झाला की आईबापांना घोर लागतो. सोयीसाठी पहिल्याला मी उलटे घर म्हणेन आणि दुसऱ्याला उलटे जग. हिंजवडीहून दमून घरी आल्यावर झोपण्यापूर्वी चार प्रकरणे वाचायची असतील तर यांपैकी काय हाती घ्यावे, एवढाच येथे प्रश्न आहे.

मिळण्याच्या बाबतीत उलटे घर सरस आहे, हे आधीच मान्य करतो. प्रतिलिपीसारख्या ॲपवर या धाटणीच्या कथा मराठीतच वाचायला मिळतात. उलट्या जगासाठी मात्र बहुधा इंग्रजीकडे किंवा इंग्रजीत आलेल्या चिनी जालकादंबऱ्यांकडे वळावे लागते. तिकडे 'नूझुन' नावाचा असा स्वतंत्र प्रकारच आहे. तिथे कोणाचे आडनाव कोणाला लागते आणि राणीच्या किती नवऱ्यांपैकी थोरला कोण, हे समजून घेण्यातच सुरुवातीची बरीच पाने जातात. ज्यांना पहिल्याच पानावर प्रेमाचा धागा हवा असतो, ते इथे कंटाळण्याची शक्यता आहे.

उलट्या घरातला विनोदही अधिक जवळचा असतो. भाच्याच्या मुंजीत आत्याबाई नायकाला पंगतीतच विचारतात, "हल्ली काय करतोस?" आणि तो उत्तर देण्याआधी त्याची बायको मठ्ठ्याची वाटी पुढे सरकवते. असा प्रसंग वाचून वनाज मेट्रोत मला मोठ्याने हसू आले आहे. सोसायटीचा रखवालदार, शाळेच्या पालकसभेत आयांच्या घोळक्यात एकटाच उभा असलेला बाप, 'साहेब आहेत का?' असे तिलाच विचारणारा कुरिअरवाला, हे सगळे आपल्या ओळखीचे असते आणि त्यासाठी वेगळी प्रस्तावना लागत नाही.

असे असूनही हा प्रकार मी हळूहळू बाजूला ठेवला, कारण त्यातल्या लेखकाला आपल्या नायकाची सतत काळजी वाटत असते. नायक घरी बसलेला आहे खरा, पण त्याने म्हणे परदेशातली मोठी नोकरी स्वेच्छेने सोडलेली असते. तो भांडी घासतो, पण त्याच परिच्छेदात त्याच्या पिळदार दंडांवर तीन ओळी खर्च होतात. एका कथेत नायक आयुष्यात पहिल्यांदाच उकडीचे मोदक करतो आणि त्याच्या कळ्या पहिल्याच घाण्यात एकसारख्या पडतात. आमच्या घरी गणपतीचे मोदक माझ्याकडे असतात. उकड गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने नीट मळली नाही, तर पारी कडेला चिरते आणि कळी बोटातच तुटते. नवशिक्या माणसाचे तुटके मोदक किती गोड प्रसंग होऊ शकले असते! पण नायक कुठेही कमी दिसता कामा नये, असा या प्रकाराचा जणू करारच असतो.

या काळजीचे कारण समजण्याजोगे आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ८१ टक्के आणि पुरुषांचे सुमारे २६ टक्के आढळले होते. बाहेरचे जग असे असताना घरी बसलेल्या नायकाचा खुलासा करावाच लागतो. परंतु खुलासा वाढत वाढत शेवटच्या प्रकरणांत अदलाबदलीलाच गिळून टाकतो. त्याच्या डब्याच्या व्यवसायात कोणीतरी भांडवल घालते, तिला दिवस जातात, ती राजीनामा देते, आणि तीनशे पानांपूर्वी जे घर होते तेच पुन्हा उभे राहते.

ही खोड आपल्याकडे जुनी आहे. नवनाथांच्या कथेत मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमतो आणि अखेर 'चलो मच्छिंदर, गोरख आया' म्हणत गोरखनाथ येऊन त्याला सोडवतो. १९३२ साली प्रभातने, पुण्याला येण्यापूर्वी कोल्हापुरात असताना, 'माया मच्छिंद्र' काढला. त्यात दुर्गाबाई खोट्यांची राणी कितीही रुबाबदार असली तरी तिचे राज्य शेवटी मायाच ठरते. नाथांच्या कथेला ते शोभते, कारण तिथे वैराग्यच सांगायचे आहे. प्रेमकादंबरीत मात्र नोकरीच्या पत्राच्या रूपाने गोरखनाथ आला की माझा विरस होतो.

उलट्या जगात गोरखनाथाची गरज सहसा पडत नाही. तिथला नायक भरतकाम करतो, कारण तिथले सगळेच मुलगे भरतकाम करतात, आणि त्याबद्दल कोणी सफाई देत बसत नाही. दाखवण्याच्या कार्यक्रमात तो खाली मान घालून सरबताचे तबक आणतो, मुलीची आई त्याच्या हाताच्या चवीबद्दल चौकशी करते, आणि मुलगी तिरक्या नजरेने त्याचे कान लाल झालेले पाहते. तो भित्रा असू शकतो, रडू शकतो, साधारण रूपाचा असू शकतो, आणि तरीही तिचा जीव त्याच्यात गुंततो. हलक्या कादंबरीकडून मला हा निवांतपणाच हवा असतो.

या प्रकारातही दोष आहेत. काही नायिका म्हणजे जुन्या उर्मट नायकालाच नेसवलेले रेशमी वस्त्र असते. ती न विचारता त्याचा हात धरते, त्याला कोंडून ठेवते, आणि हेच एखाद्या पुरुषाने केले असते तर आपण पुस्तक मिटले असते, हे वाचताना जाणवत राहते. शिवाय आरशातला तोच विनोद दहाव्यांदा आला की पाने उलटली जातात. रुकय्या सखावत हुसेन यांनी १९०५ मध्ये 'सुलतानाज ड्रीम' या कथेत पुरुषांना पडद्याआड बसवले, पण ती काही पानांत आटोपती घेतली. आजच्या शेकडो प्रकरणांच्या मालिकांना तेवढा संयम नसतो, म्हणून एकाच खंडात संपणारी कादंबरी निवडलेली बरी.

ज्यांना स्वतःच्याच घरातले संवाद छापील स्वरूपात वाचायचे आहेत, त्यांना कदाचित उलटे घरच अधिक रुचेल आणि त्यात गैर काही नाही. तसे असेल तर अप्पा बळवंत चौकात दुकानात उभ्या उभ्याच शेवटची दोन प्रकरणे चाळून घ्यावीत. त्यांत नायकाला बेंगळुरूहून फोन आलेला असला, तर पुस्तक परत फळीवर ठेवायला हरकत नाही.