जुना फ्रिज की लाकडी ह्युमिडॉर? सिगारच्या साठ्यासाठी काय बरं

पाच-दहा सिगार असतील तर हा प्रश्नच पडत नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि आर्द्रता राखणारी एक पुडी पुरते. साठा शंभर-दोनशेच्या पुढे गेला की मात्र ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ओलसर ठेवणारं लाकडी कपाट घ्यावं की पडून असलेला फ्रिज वापरावा, हे ठरवावं लागतं. दोन्हींकडून हवं ते एकच: आत ६५ ते ७० टक्के आर्द्रता, १८ ते २१ अंश तापमान, आणि दोन्ही स्थिर.

हवाबंदपणात फ्रिज सरस आहे. लाकडाच्या सांध्यांतून आणि दाराच्या फटींतून ओलावा निसटत राहतो, पाणी सारखं भरावं लागतं. फ्रिजच्या दाराला चुंबकाचं रबर असतं. ते शाबूत आहे का हे पाहायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा. पट्टी सहज सुटली तर रबर बदला. मागचं पाणी जायचं भोकही बुजवा. आत हवा खेळती ठेवणारा छोटा पंखा बसवायचा असेल तर त्याची वायर बुजवण्याआधी याच भोकातून आणा. भिंतीला ड्रिल लावू नका, आत गॅसच्या नळ्या असू शकतात.

लाकडाचं बळ वेगळं आहे. ह्युमिडॉरमधलं स्पॅनिश सीडर नावालाच सीडर, झाड महोगनीच्या कुळातलं. ते जास्तीचा ओलावा शोषतं आणि हवा कोरडी पडली की परत सोडतं. प्लास्टिकला हे जमत नाही. पाणी थोडं जास्त झालं की भिंतीवर थेंब आणि मागोमाग बुरशी. म्हणून फ्रिजमध्ये या लाकडाचे ट्रे घालाच. तो खर्च वाचवायचा असेल तर फ्रिजचा नाद सोडलेला बरा.

वासाचंही तसंच. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आतून पुसा, काही दिवस दार उघडं ठेवा, मग दोन दिवस बंद करून उघडा. जुन्या अन्नाचा जरासाही वास आला तर तो फ्रिज बाद. तंबाखू वास ओढून घेते आणि तो पुन्हा निघत नाही.

आता कळीचा मुद्दा: फ्रिज चालू ठेवायचा का? माझं उत्तर नाही. कॉम्प्रेसर सुरू झाला की आतला पत्रा गार होतो, हवेतला ओलावा त्यावर दवासारखा जमतो आणि वाहून जातो. बाहेरून थर्मोस्टॅट जोडून २० अंशांवर लावला तरी प्रत्येक फेरीत हेच घडतं. बंद फ्रिज म्हणजे जाड भिंतींची उत्तम पेटी. पण ती खोलीची उष्णता लांबवते, थांबवत नाही. खोली बराच काळ २४ अंशांच्या वर राहत असेल तर तंबाखूच्या किड्याची अंडी फुटण्याची भीती असते. अशा खोलीत बंद फ्रिज नको आणि साधं लाकडी कपाटही नको. पेल्टियरवर, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय विजेवर गार होणाऱ्या चकतीवर, चालणारा वाइन कूलर घ्या. तो ओलावा कमी खेचतो, अर्थात थंडही बेताचंच करतो.

खोली गार आणि साठा मोठा असेल तर मी डोळे झाकून बंद फ्रिज निवडेन. साठा लहान असेल, चार लोकांना दाखवायचा असेल, तर लाकूड.

कशातही ठेवा, हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, आधी तपासा: बाटलीच्या झाकणात पाण्याने ओलसर केलेलं मीठ घेऊन ते आणि यंत्र एका बंद पिशवीत दिवसभर ठेवा, आकडा ७५ आला पाहिजे. आणि फ्रिज कडीचा, फार जुना असेल तर ती कडी आधी काढून टाका. आत अडकलेल्या मुलाला ते दार उघडता येत नाही.