दोन पूर्णा: एक पश्चिमेची, एक पूर्वेची

बुलढाणा जिल्ह्यात 'पूर्णेला पूर आला' असं ऐकलं, की आधी विचारावं, कुठली पूर्णा? जिल्ह्याच्या उत्तरेला एक आहे, दक्षिणेला दुसरी.

उत्तरेकडची सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यात उगम पावते. अमरावती, अकोला, बुलढाणा ओलांडून मुक्ताईनगरजवळ चांगदेवला तापीला मिळते. तिच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा मला तिची खरी ओळख वाटतो. जमीन काळी, खोल, कसदार. पण विहिरीचं पाणी खारं. ते ना प्यायला चालतं, ना पिकाला. म्हणून नदीकाठच्या गावांनाही दूरच्या धरणाच्या पाण्याकडे डोळे लावावे लागतात आणि कापूस, तूर, हरभरा बराचसा पावसाच्या भरवशावर येतो. हे दुःख नकाशात दिसत नाही.

दक्षिणेकडची अजिंठ्याच्या डोंगरात निघते आणि उलट दिशेने, पूर्वेकडे वाहते. बुलढाण्यात तिला खडकपूर्णा म्हणतात. देऊळगाव राजा तालुक्यातल्या तिच्या धरणाला संत चोखासागर हे नाव आहे. संत चोखोबांचं गाव मेहुणा राजा याच तालुक्यातलं, म्हणून ते नाव शोभतं. पुढे येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं, आणि परभणी जिल्ह्यात पूर्णा गावाजवळ गोदावरी.

एकीचं पाणी अरबी समुद्रात जातं, दुसरीचं बंगालच्या उपसागरात. बातमीत नुसतं 'पूर्णा' लिहिणं मला धोक्याचं वाटतं. तापीची की गोदावरीची, एवढं तरी लिहावंच. अकोल्याची काटेपूर्णा आणखी वेगळी. ती तापीकडच्या पूर्णेची उपनदी.