दाढेची कॅप: झिरकोनिया की लिथियम डायसिलिकेट?

जळगावकडे कळण्याची भाकरी, ठेचा आणि वर सुपारी फोडणारी माणसं. कॅपची ही दोन्ही साहित्यं सिरॅमिक, म्हणजे चिनी मातीच्या जातीची. या माणसांच्या मागच्या दाढेला मी झिरकोनियाच सुचवते. वाकवणारा ताण ते साधारण ९०० ते १२०० मेगापास्कलपर्यंत (हे ताण मोजायचं एकक) सोसतं, लिथियम डायसिलिकेट ४०० च्या आसपास. म्हणून झिरकोनियाचं चावण्याच्या बाजूला १ मिलिमीटर जाडीत भागतं. दुसऱ्याला दीड लागतो, म्हणजे दात जास्त घासावा लागतो.

पण नुसती ताकद पाहू नका! सिरॅमिक दाब सोसतं, ताणलं की तडकतं, आणि तडा बऱ्याचदा कॅपच्या आतल्या बाजूने सुरू होतो. घासलेल्या दाताचे कोपरे टोकदार राहिले तर ताण तिथेच साठतो. कॅप कुठलीही असो, कोपरे गोलसरच हवेत.

समोरच्या दाताला मात्र लिथियम डायसिलिकेट. त्यातून उजेड झिरपतो, दात जिवंत दिसतो.