सोमवार ते शनिवारची स्तवने: ‘वर्क साँग्ज’

इंग्रजीतील समकालीन ख्रिस्ती संगीत म्हटले की हिलसाँग, बेथेल, एलिव्हेशन अशा मोठ्या मंडळ्यांची (चर्चची) नावे पुढे येतात, आणि त्यांची गाणी आपल्याकडच्या शहरी तरुण उपासनागटांच्याही तोंडी आहेत. त्या झगमगाटापासून दूर राहून काम करणारे, रेडिओवर क्वचितच ऐकू येणारे, पण समीक्षकांनी मनापासून वाखाणलेले गायक-गायिका एकत्र ऐकायचे असतील, तर ‘द पोर्टर्स गेट’ या अमेरिकी प्रकल्पाचा ‘वर्क साँग्ज’ हा २०१७ मधील पहिला अल्बम हाती घ्यावा. व्हर्जिनियातील शार्लट्सव्हिल येथील एका प्रेस्बिटेरियन मंडळीत उपासना-संगीताची जबाबदारी सांभाळलेले आयझॅक वॉर्डेल हे या प्रकल्पाचे सूत्रधार असून, बेनेडिक्टाईन या कॅथलिक संन्यासी परंपरेतील मठाच्या दारात पाहुण्यांचे स्वागत करणाऱ्या द्वारपालावरून प्रकल्पाचे नाव घेतलेले आहे. निरनिराळ्या पंथांतील आणि वेगवेगळ्या वर्णांच्या कलावंतांनी एकत्र यायचे, एका विषयावर विचार करायचा आणि मग मंडळीला गाता येतील अशी गाणी रचायची, ही त्यांची कार्यपद्धती आहे.

या अल्बमचा विषय काम हा आहे. रविवारच्या उपासनेत पाप, क्षमा, तारण आणि गौरव यांविषयी भरपूर गायले जाते. मात्र उपासकाचे उरलेले सहा दिवस ज्यात जातात, त्या कष्टांना गाण्यात फारशी जागा मिळत नाही. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न येथे गंभीरपणे झाला आहे, आणि तो सर्वांत अधिक सफल होतो तो ‘युअर लेबर इज नॉट इन व्हेन’ या गाण्यात. पॉल झॅक आणि मॅडिसन कनिंगहॅम यांनी गायलेल्या या गाण्याचे सूत्र बायबलमधील, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातील पंधराव्या अध्यायाच्या अखेरच्या वचनातून आले आहे. तो सारा अध्याय पुनरुत्थानाविषयी आहे, आणि म्हणूनच ‘तुमचे श्रम व्यर्थ नाहीत’ हे आश्वासन तेथे ‘मेहनतीला फळ मिळते’ अशा शाळेच्या भिंतीवरील सुविचाराच्या पातळीवर उतरत नाही. मृत्यूने सारे पुसून टाकले तरी केलेले काम देवापाशी राहते, असा त्याचा अर्थ होतो. गीतकारांनी हा संदर्भ ओळखून बायबलमधील संदेष्टा यशया याच्या भविष्यवाणीतील घरे आणि द्राक्षमळे गाण्यात आणले आहेत, आणि चाल इतकी सरळ आहे की दुसऱ्या कडव्यापर्यंत ऐकणारा गाऊ लागतो.

‘वुड अँड नेल्स’ हे ऑड्री असाद आणि जॉश गॅरल्स यांचे गाणे शब्दरचनेच्या दृष्टीने अल्बममधील सर्वांत घट्ट विणीचे आहे. येशू हा सुतार होता आणि त्याला लाकडाच्या खांबावर खिळ्यांनीच ठोकण्यात आले, या दोन गोष्टी एकाच प्रतिमेत बांधणे तसे नवे नाही. परंतु येथे त्याच सुताराला, ‘माझ्यात राहण्याजोगे घर बांध आणि काम कसे करावे ते मला दाखव’, अशी विनंती केली जाते, तेव्हा जुनी प्रतिमा पुन्हा उपयोगाची वाटू लागते. गॅरल्स यांचा किंचित खरखरीत आवाज आणि असाद यांचा स्वच्छ स्वर एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत, हे विशेष.

कनिंगहॅम यांनी गायलेले ‘लिटल थिंग्ज विथ ग्रेट लव्ह’ हे कुणाच्या नजरेस न पडणाऱ्या लहान कामांचे गाणे आहे, आणि त्या विषयाला शोभेल इतक्या संयमाने ते गायले गेले आहे. त्या वेळी विशीत नुकत्याच आलेल्या या गायिकेला पुढे २०२३ मध्ये सर्वोत्कृष्ट लोकसंगीत अल्बमचे ग्रॅमी मिळाले, याचे हे गाणे ऐकणाऱ्याला आश्चर्य वाटू नये. ‘ख्राइस्ट हॅज नो बॉडी नाउ बट युअर्स’ हे मात्र मला तितकेसे भावले नाही. सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत, अविलाच्या तेरेसा यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या, पण त्यांच्या लेखनात न सापडणाऱ्या प्रार्थनेवर ते आधारलेले आहे. मूळ विचारच इतका प्रसिद्ध आहे की गाण्याला त्यात स्वतःची भर घालायला फारसा वाव राहत नाही. ‘एस्टॅब्लिश द वर्क ऑफ अवर हँड्स’ हे बायबलमधील नव्वदाव्या स्तोत्राच्या शेवटच्या ओळीवरचे सामूहिक गीत दिवसाच्या आरंभी गाण्यास चांगले आहे.

अल्बमची मर्यादा दुसरीकडेच आहे. यातील जी श्रमचित्रे मनात ठसतात ती सुताराची, शेताची, द्राक्षमळ्याची, म्हणजे बायबलमध्ये आधीच वसलेली आहेत. रात्रपाळीची परिचारिका, मालवाहू गाडीचा चालक, कंत्राट संपल्यावर घरी बसलेला कामगार यांच्या हाताला येईल असे थोडेच सापडते. ‘कांदा मुळा भाजी अवघी विठाई माझी’ म्हणणारे सावता महाराज ज्या परंपरेत आहेत, आणि जिच्या अभंगाचा साज नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती भक्तीला चढवला, त्या परंपरेतील श्रोत्याला ही अमूर्तता थोडी खटकणारच. शिवाय संथ लयीची गाणी एकामागून एक येत असल्याने मध्यावर अल्बम रेंगाळतो. रिचमंडच्या ‘अर्बन डॉक्सॉलॉजी’ गटाचे गॉस्पेल (कृष्णवर्णीय अमेरिकी मंडळ्यांतील भक्तिगायन) वळणाचे आवाज जेथे येतात, तेथे तो पुन्हा सावध होतो.

स्ट्रीमिंग सेवांवर हा अल्बम सहज उपलब्ध आहे. मंडळीच्या गायनवृंदासाठी निवड करायची असेल, तर ‘युअर लेबर’पासून सुरुवात करावी. एकाच कलावंताची दीर्घ सोबत हवी असलेल्यांनी गॅरल्स यांचा ‘लव्ह अँड वॉर अँड द सी इन बिटवीन’ ऐकावा. १८ रचनांचा हा अल्बम त्यांनी २०११ मध्ये वर्षभर विनामूल्य दिला होता आणि ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम ठरवले होते. पोर्टर्स गेटच्याच पुढील अल्बमांपैकी शेजारधर्मावरील ‘नेबर साँग्ज’ (२०१९) अधिक खेळकर आहे, तर २०२० मधील ‘लॅमेंट साँग्ज’ शोकाचा आहे आणि तो कामे करता करता ऐकण्याजोगा नाही.