झेटलंड लाइफबोट: ५ पैकी ४, एक स्टार चिडून कापलाय

प्रॉडक्ट २०० वर्षांहून जुनंय, ऑर्डर करता येणार नाही, तरी लिहितोय, कारण इंग्लंडात रेडकारच्या म्युझियममध्ये ही १८०२ ची बोट अजून आहे, जगात शिल्लक राहिलेली सगळ्यात जुनी लाइफबोट (म्हणजे किनाऱ्यावरून बुडत्यांना वाचवायला जाणारी बोट), आणि बघून आल्यापासून डोक्यातून जातच नाहीये.

आधी चांगलं सांगतो. दोन्ही टोकं सारखीच, सुकाणू नाहीच, लांब वल्हं कुठल्याही टोकाला लावा आणि निघा, म्हणजे परत येताना लाटांत बोट वळवायची भानगडच नाही (वळवताना आडवी लाट बसली की खेळ खलास). वल्ही १०, आणि कडेनं बुचाचे थर, त्यामुळे पाणी भरलं तरी तरंगत राहते. ७८ वर्षं चालवली, ५०० च्या वर माणसं वाचवली, आणि एवढ्या काळात स्वतःचा खलाशी गमावला तो एकच, १८३६ मध्ये. अजून काय पाहिजे?

पाहिजे होतं ना. उलटली तर आपोआप सरळ होत नाही.

आणि चीड इथेच येते, कारण आयडिया होती की! १७८९ ला इंग्लंडातल्या टाइन नदीच्या तोंडाशी अ‍ॅडव्हेंचर जहाज अडकलं, किनाऱ्यावर लोक बघत उभे आणि समोर माणसं बुडाली, मग तिथल्याच साउथ शील्ड्स गावात चांगल्या बोटीच्या डिझाइनसाठी २ गिनी (जुनं इंग्रजी नाणं) बक्षीस लावलं. विल्यम वुडहॅव नावाचा रंगारी, त्यानं कशीही उलटवा सरळच होणारं मॉडेल आणून ठेवलं. कमिटीनं त्याला अर्धं बक्षीस देऊ केलं, १ गिनी!! काम मिळालं हेन्री ग्रेटहेडला, त्याचा धंदाच बोटी बांधायचा, १७९० ला त्याची पहिली बोट पाण्यात उतरली, नाव काय तर ओरिजिनल, आणि १८०२ ला पार्लमेंटनं त्याला १२०० पौंड दिले. झेटलंडही त्याचीच. बोट भारीच बांधायचा, त्यात वादच नाही.

पण डिसेंबर १८४९ ला साउथ शील्ड्सचीच प्रॉव्हिडन्स नावाची लाइफबोट उलटली, तीही ह्याच धाटणीची, आणि आतले २४ पैकी २० पायलट (बंदरात जहाजांना वाट दाखवणारे) गेले. त्यानंतर १८५१ ला स्पर्धा झाली आणि जेम्स बीचिंगची आपोआप सरळ होणारी बोट जिंकली. वुडहॅव जाऊन तेव्हा ३० वर्षं झाली होती.