पिरेनीज की युट्रेक्ट? प्रबंधासाठी तह निवडताना

युरोपचा इतिहास घेतलेली एम.ए.ची मुलं दरवर्षी एकच प्रश्न घेऊन येतात. लघुप्रबंधाला एखादा तह हवा असतो, त्यात एका राजाचा मुलूख दुसऱ्याकडे गेलेला हवा, आणि व्हर्साय मात्र नको, कारण त्यावर सगळेच लिहितात. शोधता शोधता दोन नावं उरतात: फ्रान्स आणि स्पेनमधला १६५९ चा पिरेनीजचा तह, आणि स्पेनच्या गादीवरून पेटलेलं युद्ध मिटवणारा १७१३ चा युट्रेक्टचा. माझं मत आधीच सांगून टाकतो. हाताशी फक्त इंग्रजी असेल आणि वेळ तीनच महिने असेल, तर युट्रेक्टमधलं एखादं कलम उचला. थोडी सवड असेल तर पिरेनीज घ्या.

युट्रेक्टची पहिली अडचण म्हणजे तो एक तह नाहीच, तहांचा गठ्ठा आहे. ११ एप्रिल १७१३ ला फ्रान्सने ब्रिटन, नेदरलँड्स, पोर्तुगाल, प्रशिया, सॅव्हॉय अशा एकेकाशी वेगळा करार केला. ब्रिटन आणि स्पेनचा तह झाला १३ जुलैला. ऑस्ट्रियाचा सम्राट हटून बसला, त्याचं रास्टाटला १७१४ मध्ये मिटलं. सिसिली सॅव्हॉयच्या ड्यूककडे, मिलान-नेपल्स आणि स्पॅनिश नेदरलँड्स ऑस्ट्रियाकडे, जिब्राल्टर-मिनोर्का ब्रिटनकडे, शिवाय उत्तर अमेरिकेतले न्यूफाउंडलंड, अकेडिया, हडसनचा उपसागर हेही ब्रिटनलाच. ही वाटणी नुसती समजावून सांगण्यातच तुमची निम्मी पानं संपतात. मग उरलेल्यात ‘सत्तासमतोल’ हा शब्द वीसदा येतो आणि विद्यार्थ्याला वाटतं, विश्लेषण झालं.

पिरेनीजमध्ये माणसं मोजकी आहेत. फ्रान्सकडून कार्डिनल माझारँ, स्पेनकडून डॉन लुईस दे आरो. जागा बिदासोआ नदीतलं एक चिमुकलं बेट, फेझंट आयलंड. कोणी कोणाच्या दारात जायचं, हाच मोठा मानापमानाचा प्रश्न, म्हणून दोन्ही काठांवरून दोन पूल टाकले आणि बेटावर असा मंडप उभारला की दोघंही आपापल्या राज्यात बसून बोलतील. ऑगस्ट ते नोव्हेंबर चोवीस बैठका झाल्या, ७ नोव्हेंबरला सह्या झाल्या, कलमं १२४. हे बेट आजही सहा महिने स्पेनचं आणि सहा महिने फ्रान्सचं असतं. ती पद्धत मात्र एकोणिसाव्या शतकातल्या बायोनच्या तहानंतरची, १६५९ ची नाही. प्रबंधात ही चूक करू नका.

फ्रान्सला उत्तरेला आर्त्वा प्रांत मिळाला, दक्षिणेला रुसियों. खरी गंमत आहे बेचाळिसाव्या कलमात. त्यात म्हटलंय, की गॉल (म्हणजे जुना फ्रान्स) आणि स्पेन यांना पूर्वापार वेगळं करणारा पिरेनीज पर्वत हीच यापुढे दोन्ही राज्यांची सीमा. वाचायला किती सोपं! पण सेर्दान्याचं खोरं डोंगररांगांच्या मधोमध पसरलेलं आहे, तिथे ‘पर्वत’ नेमका कुठला धरायचा? दोन्हीकडचे आयुक्त १६६० मध्ये बसले, प्राचीन ग्रंथकारांचे दाखले काढून भांडले, आणि शेवटी पर्वत बाजूला ठेवून गावं मोजायला लागले. तेहतीस गावं फ्रान्सला द्यायची ठरली. त्याच खोऱ्यातल्या ल्यीवियाची पाळी आली तेव्हा स्पेनने मुद्दा काढला: हे गाव नव्हेच, याला नगराचा दर्जा आहे, आणि करारात शब्द ‘गावं’ असा आहे. ल्यीविया स्पेनकडे राहिलं, फक्त तटबंदी करायची नाही या अटीवर. आजही ते चहूबाजूंनी फ्रान्सने वेढलेलं स्पेनचं बेट आहे, जेमतेम तेरा चौरस किलोमीटरचं. एका शब्दाच्या अर्थावर मुलूख कसा फिरतो हे दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

युट्रेक्टच्या बाजूने याच तोडीचं काही असेल तर ते दहावं कलम, जिब्राल्टरचं. शहर, किल्ला, बंदर आणि तटबंदी ब्रिटनला दिली, पण आसपासच्या मुलखावर अधिकार न देता. ब्रिटनला कधी ते विकायचं किंवा कोणाला द्यायचं झालं, तर आधी स्पेनला विचारायचं. तटाबाहेरची संयोगभूमी, म्हणजे जिब्राल्टरला स्पेनशी जोडणारी चिंचोळी पट्टी, जिथे आज विमानतळाची धावपट्टी आहे, ती या कलमात येते का, हा वाद अजून चालू आहे. मजकूर इंग्रजीत सहज मिळतो, चालू घडामोडींशी धागा जुळतो, परीक्षकही खूश. म्हणूनच घाईत असलेल्याला मी हे सुचवतो. गुलामांच्या व्यापारात रस असेल तर त्याच वर्षीचा आसिएंतो करार बघा: तीस वर्षं, दरवर्षी ४,८०० ‘नग’ स्पेनच्या अमेरिकी वसाहतींना पुरवायचा मक्ता. नग म्हणजे माणसं. या विषयावर स्वतंत्र प्रबंध होईल, तो जिब्राल्टरच्या शेपटाला बांधू नका.

दोन्ही तहांना जोडणारा दुवा आहे एका लग्नाचा. पिरेनीजच्या तहात स्पेनची राजकन्या मारिया तेरेसा चौदाव्या लुईला द्यायची ठरली. तिने स्पेनच्या गादीवरचा हक्क सोडायचा, आणि हुंडा पाच लाख सुवर्ण एकू (फ्रेंच नाणी). फ्रेंचांनी मसुद्यात हळूच अट घातली: हक्क सोडला, पण हुंडा पोचला तर. कंगाल झालेल्या स्पेनला तो पुरता देता आलाच नाही. पुढे १७०० मध्ये याच जोडप्याचा नातू स्पेनच्या गादीवर बसला, त्यावरून युद्ध पेटलं आणि ते युट्रेक्टला मिटलं. म्हणजे युट्रेक्ट घेतलंत तरी मागे पिरेनीजपर्यंत यावंच लागतं.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याला पिरेनीज घ्यायचं आणखी एक कारण आहे, ते म्हणजे मुंबई. या तहात फ्रान्सने पोर्तुगालला मदत न करण्याचं कबूल केलं. स्पेनशी लढणारा पोर्तुगाल एकटा पडला आणि इंग्लंडकडे वळला. जून १६६१ च्या विवाह-तहात पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगांझासोबत मुंबईचं बंदर आणि बेट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला आंदण मिळालं. मग तिथेही तोच घोळ, ‘बेट’ म्हणजे नेमकं किती? माहीम त्यात धरायचं की नाही? गोव्याचा व्हाइसरॉय ताबा देईना. इंग्रज शिपाई अंजदीव बेटावर वाट बघत तापाने मेले, त्यांचा प्रमुख शिपमनही गेला. फेब्रुवारी १६६५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या हम्फ्री कुकने ताबा घेतला. ल्यीविया आणि माहीम एकाच प्रकरणात शेजारी मांडता येतील. फक्त ‘पिरेनीजमुळे मुंबई इंग्रजांना मिळाली’ असं सरळसोट वाक्य लिहू नका. डचांचा धाकही पोर्तुगीजांच्या मनात होताच.

पिरेनीजची अडचण उघड आहे, ती भाषेची. मूळ कागद फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये, सीमाभागाचे बरेचसे कॅटलानमध्ये. तहाचा मजकूर भाषांतरात वाचून निभेल, आयुक्तांच्या भांडणासाठी मात्र फ्रेंच वाचता येणारा कोणीतरी गाठावा लागेल. तो मिळेपर्यंत सेर्दान्याचा मोठा नकाशा छापून भिंतीवर लावा आणि तेहतीस गावांपैकी किती सापडतात ते बघा.